मागे कलणारी सीट आणि मागे बसलेला माणूस

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि रायगड जिल्ह्याला हक्काचा विमानतळ मिळाला. पनवेल-उलव्याच्या ज्या पट्ट्यात भातशेती, खाजणं आणि खाडीकाठची गावं होती, तिथे आता धावपट्टी आहे. तसा विमानप्रवास इथल्या माणसांना नवा नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागातल्या कोकणी मुसलमान कुटुंबांतले कर्ते लोक कित्येक वर्षं आखाती देशांत नोकरीला जाऊन-येऊन आहेत. किनाऱ्यावरच्या गावांतले खलाशी जहाज धरण्यासाठी विमानाने परदेशी बंदर गाठतात. मुलं अमेरिकेत असलेले आईवडील रात्रभर अंग आखडून नातवंडांना भेटायला जातात. आणि ज्यांनी विमानात कधी पाय ठेवला नाही, तेही पुशबॅक सीटच्या बसने मुंबईला ये-जा करतातच.

या सगळ्यांच्या वाट्याला एक छोटा, पण डोकं तापवणारा प्रश्न येतो. आपल्या सीटला खटका आहे, तो दाबला की पाठ मागे कलते. मग ती हवी तेव्हा, हवी तेवढी मागे घ्यावी का? की मागच्याचे गुडघे, त्याचा डबा, त्याच्या मांडीवरचं मूल यांचा आधी विचार करावा? पुढचा म्हणतो, ‘खटका दिलाय तो वापरायलाच.’ मागचा म्हणतो, ‘माझ्या तोंडासमोरची जागा मी तिकीट काढून घेतली आहे.’ दोघांचंही म्हणणं ऐकताना खरं वाटतं. म्हणूनच या प्रश्नावर जगभर वाद झाले, विमानं वाटेत उतरवावी लागली, अर्थतज्ज्ञांनी पाहण्या केल्या आणि कंपन्यांनी सीटच बदलून पाहिल्या. या सगळ्याचा एकत्र आढावा घेतला, तर आपल्या बसगाड्यांसाठी आणि नव्या विमानतळावरून उडणाऱ्या प्रवाशांसाठी काही ठोस रीत हाती लागते.

इंचांचा हिशोब

विमानातली जागा मोजण्याचं एक ठरलेलं माप आहे. एका सीटवरच्या कुठल्याही बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. सीटच्या पाठीची जाडीही त्यातच येते, त्यामुळे पायांना मिळणारी जागा या आकड्यापेक्षा कमीच असते. साध्या वर्गात हे अंतर आज साधारण २८ ते ३१ इंच असतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या विमानांत ते ३५ इंचांच्या आसपास होतं. पुढे दरस्पर्धा वाढली, तिकिटं स्वस्त झाली आणि त्याच लांबीच्या विमानात जास्त रांगा बसवल्या गेल्या. स्वस्त तिकिटामुळे सामान्य माणूस विमानात बसू शकला, हे मोठंच काम झालं. पण त्याची किंमत गुडघ्यांनी मोजली.

सीट मागे कलते ती साध्या वर्गात दोन ते चार इंच. ऐकायला हे अंतर किरकोळ वाटतं. पण पाठीची बिजागरी खाली, बसण्याच्या जागेजवळ असते. त्यामुळे पाठ गुडघ्यांच्या उंचीवर थोडीच सरकते आणि डोक्याच्या उंचीवर सर्वांत जास्त. त्रासाची खरी जागा म्हणजे मागच्याच्या छातीसमोरचा आणि डोळ्यांसमोरचा भाग: उघडलेला ट्रे, त्यावरचा चहा, लॅपटॉप, मांडीवर झोपलेल्या मुलाचं डोकं. उंच माणसाचे गुडघे जरा वरच्या बाजूला टेकतात, म्हणून त्याला दोन्हीकडून त्रास होतो.

आता पुढच्याची बाजू. सीट मागे घेणं ही चैन आहे असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. आल्फ नाकेमसन या स्वीडिश डॉक्टरांनी १९६० च्या दशकात माणसाच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर पडणारा दाब प्रत्यक्ष मोजायला सुरुवात केली. ताठ, आधाराशिवाय बसल्यावर हा दाब उभं राहण्यापेक्षाही जास्त असतो आणि पाठ मागे टेकून कलली की कमी होतो, असं त्यांच्या मोजणीतून दिसलं. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन इथे एमआरआय यंत्राने झालेल्या अभ्यासातही काटकोनात बसण्यापेक्षा पाठ बरीच मागे कलवून बसणं कमरेला मानवतं, असाच निष्कर्ष निघाला. कंबरदुखी असलेल्या माणसाला, गरोदर बाईला, दिवसभर उभं राहून काम केलेल्या नर्सला ते दोन-तीन इंच औषधासारखे लागू पडतात. ‘सीट कोणी मागे घेऊच नये’ हे म्हणणं या माणसांवर अन्याय करतं.

एका बाबतीत मात्र वादाला जागाच नाही. विमान उड्डाणाला निघताना आणि उतरताना प्रत्येक सीट सरळ असलीच पाहिजे. नव्या विमानाला परवानगी देताना अर्ध्या दारांतून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर काढता येतात, हे दाखवून द्यावं लागतं. धोका जास्त असतो तो उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळीच, आणि कललेली सीट मागच्या रांगेची वाट अडवते. आपत्कालीन दाराच्या पुढच्या रांगेतल्या सीट बहुधा कलत नाहीत, त्याचंही कारण हेच. शेवटच्या रांगेला मागे भिंत असते, म्हणून तिथल्या सीटही पुष्कळदा ताठच राहतात. त्या रांगेतल्या प्रवाशाला पुढच्याची सीट सोसावी लागते, पण स्वतःची मागे घेता येत नाही. सर्वांत जास्त अडचण त्याची होते.

आकाशातली भांडणं

ऑगस्ट २०१४ मध्ये हा विषय जगाच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आला. नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात एका प्रवाशाने पुढच्या सीटला प्लॅस्टिकच्या दोन छोट्या खुंट्या लावल्या. ‘नी डिफेंडर’ नावाची ही वस्तू २००३ पासून बाजारात होती. ट्रेच्या दांड्यांवर ती अडकवली की पुढची सीट मागे येऊच शकत नाही. पुढच्या बाईंनी तक्रार केली, विमानसेविकेने खुंट्या काढायला सांगितलं, प्रवाशाने नकार दिला आणि बाईंनी त्याच्या अंगावर पाणी फेकलं. विमान शिकागोला उतरवून दोघांनाही खाली काढलं. हे दोघं ज्या वर्गात बसले होते, तिथे जादा पैसे भरून चार इंच अधिक जागा मिळते. म्हणजे जागा थोडी वाढली की भांडण आपोआप मिटतं, असं नाही.

पुढच्या आठवडाभरात अमेरिकेतून उडालेली आणखी दोन विमानं याच कारणाने वाट बदलून उतरवावी लागली. शेकडो माणसांचा प्रवास दोघांच्या हट्टापायी खोळंबला.

२०२० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्याच एका विमानातलं चित्रण सगळीकडे फिरलं. शेवटच्या रांगेतला माणूस पुढच्या बाईंच्या कललेल्या सीटला मागून सारखे ठोसे देत होता. त्याची स्वतःची सीट कलत नव्हती. बाईंच्या सांगण्याप्रमाणे त्याने जेवताना सीट सरळ करायला सांगितली, तेव्हा त्यांनी ती केली आणि जेवण झाल्यावर पुन्हा मागे घेतली. लोकांत दोन तट पडले. त्या सुमारास डेल्टा एअरलाइन्सचे प्रमुख एड बास्टियन यांना टीव्हीवर मत विचारलं गेलं. प्रवाशाला सीट मागे घेण्याचा हक्क आहे, पण मागे कोणी असेल तर आधी विचारणं योग्य, असं ते म्हणाले. सगळ्या गदारोळात हे सर्वांत शहाणपणाचं वाक्य होतं.

आपल्याकडे असं भांडण हातघाईवर आलं तर काय होईल, हेही माहीत असलेलं बरं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये बेशिस्त प्रवाशांसाठी तीन पायऱ्या ठरवल्या. शिवीगाळ आणि शाब्दिक त्रासाला तीन महिन्यांपर्यंत, धक्काबुक्कीला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका होईल अशा वागण्याला किमान दोन वर्षं विमानप्रवासाची बंदी होऊ शकते. उड्डाण आणि उतरणं सोडलं, तर सीट कितपत मागे घ्यावी हे कोणताही नियम सांगत नाही. पण त्यावरून हात उचलला, तर नियम लगेच लागू होतो.

पैशाने प्रश्न सुटेल का?

अर्थशास्त्रज्ञांना हा वाद आवडतो, कारण नोबेल मिळवलेल्या रोनाल्ड कोझ यांच्या १९६० च्या प्रसिद्ध निबंधातला विचार इथे लावून पाहता येतो. दोन माणसांच्या गरजा एकमेकींच्या आड येत असतील, तर हक्क कोणाचा हे एकदा स्पष्ट करा. पुढे दोघं आपसांत सौदा करतील आणि ज्याला जागेची जास्त गरज आहे त्याच्याकडे ती जाईल. जॉश बॅरो या अमेरिकन स्तंभलेखकाने २०१४ मध्ये हेच सुचवलं: सीट मागे घेण्याचा हक्क माझा आहे, मी तो वापरू नये असं वाटत असेल तर मागच्याने मला पैसे द्यावेत.

क्रिस्टोफर बुकाफुस्को आणि क्रिस्टोफर स्प्रिगमन या दोन कायदेतज्ज्ञांनी हा विचार तपासायला त्याच वर्षी ऑनलाइन पाहणी केली. हक्क पुढच्याचा आहे असं धरलं, तर सीट सरळ ठेवण्यासाठी त्याला सरासरी ४१ डॉलर हवे होते आणि मागचा द्यायला तयार होता १८. मग बाजू उलटवली: जागेचा हक्क मागच्याचा, सीट मागे घ्यायची तर पुढच्याने पैसे मोजायचे. आता मागच्याला हवे होते ३९ आणि पुढचा द्यायला तयार होता १२. म्हणजे हक्क ज्याच्या पदरात टाकावा, तो त्याला घट्ट धरून ठेवतो. जागा खरोखर कोणाला जास्त हवी आहे, हे या सौद्यातून कळतच नाही.

याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. पैशांऐवजी मागच्याने काहीतरी खायला-प्यायला देऊ केलं, तर बहुतेकांनी सीट सरळ ठेवायची तयारी दाखवली. माणसं पैशाच्या सौद्यात हटून बसतात. कोणी आपली दखल घेतली की नरम होतात. रायगडकराला हे शिकवावं लागत नाही. दोन शेतांच्या मधल्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात, आणि तोच बांध ‘जरा इकडून पाणी काढू का?’ असं विचारलं की एका शब्दावर मोकळा होतो. पैशाचा तोडगा आणखी एका कारणाने आपल्याला परवडणारा नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच आराम मिळेल, आणि बसमधल्या गरीब माणसाचे गुडघे तेवढेच दुखत राहतील.

यंत्राने प्रश्न सुटेल का?

दुसरा मार्ग कंपन्यांनी काढला: सीट कलूच द्यायची नाही. रायनएअरने कलती सीट केव्हाच सोडून दिली. ब्रिटिश एअरवेजने २०१८ मध्ये कमी पल्ल्याच्या नव्या विमानांत न कलणाऱ्या सीट बसवायचं ठरवलं. अशा सीटमुळे वजन कमी होतं, दुरुस्तीचा खर्च वाचतो आणि भांडणही टळतं. तासा-दीड तासाच्या प्रवासाला हे चालून जातं. रात्रभराच्या प्रवासाला चालत नाही.

डेल्टाने २०१९ मध्ये मधला मार्ग निवडला. आपल्या एअरबस ए-३२० विमानांत साध्या वर्गातल्या सीटचं कलणं त्यांनी चार इंचांवरून दोन इंचांवर आणलं. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने त्याआधी वेगळाच प्रयोग केला होता. तिच्या काही विमानांत सीट एका स्थिर कवचात बसवली. पाठ मागे जाण्याऐवजी बैठक पुढे सरकायची, म्हणजे मागच्याला त्रास शून्य. कागदावर हा उपाय बिनतोड होता. पण प्रवाशांना ती सीट सुखाची वाटली नाही, तक्रारी वाढल्या आणि काही वर्षांत कंपनीला पुन्हा कलत्या पाठीच्या सीटकडे वळावं लागलं. आपली पाठ मागे जावी, असं शरीराला वाटतं. बैठक पुढे ढकलून ती गरज भागत नाही.

आपल्या रेल्वेचा प्रवास उलट दिशेने झाला. वंदे भारत गाड्यांतल्या सीट पुरेशा कलत नाहीत, अशा तक्रारी आल्यावर २०२३ मध्ये नव्या गाड्यांत त्यांचा कल १७.३१ अंशांवरून १९.३७ अंशांवर नेण्यात आला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. ती पनवेल आणि रोह्याला थांबते, त्यामुळे हा विषय रायगडच्या प्रवाशाच्याही पाठीशी जोडलेला आहे. इथल्या रांगांत विमानापेक्षा मोकळी जागा असते, म्हणून हे परवडतं. जागा असली की यंत्र मदत करतं. जागाच कमी असेल, तर यंत्र त्रास फक्त एका प्रवाशाकडून दुसऱ्याकडे सरकवतं.

आपल्या रस्त्यावर

रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न रोज भेटतो तो बसमध्ये. मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये तो येत नाही. तिथली बाकडी कलत नाहीत, तासाभराचा प्रवास असतो आणि वारा खात माणूस पोहोचतो. रस्त्याचं तसं नाही.

१९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर एसटीत निमआराम गाड्या आल्या आणि लोकांनी त्यांना ‘एशियाड’च म्हटलं. पुढे या सेवेला ‘हिरकणी’ हे नाव मिळालं. रायगडाचा कडा उतरून लेकराकडे धावलेल्या हिरकणीचं नाव निमआराम गाडीला लागणं, याचा या जिल्ह्याला अभिमान आहे. २००२ मध्ये दादर-पुणे मार्गावर शिवनेरी धावू लागली, २०१७ मध्ये वातानुकूलित शिवशाही आली. मागे कलणारी सीट ही आता साध्या माणसाच्या प्रवासातली नेहमीची गोष्ट झाली आहे. सुट्टीच्या दिवशी काशीद-मुरुडला निघालेल्या पर्यटकांच्या खाजगी बसगाड्यांतही तीच सीट असते.

पण रस्ता तेवढा सुधारला नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि ते किती रखडलं, हे प्रत्येक चाकरमान्याला तोंडपाठ आहे. गणपतीत आणि शिमग्याला चार तासांच्या वाटेला आठ तास लागतात. सुकेळी खिंडीतलं वळण आणि माणगावची कोंडी रात्रीच्या झोपेच्या आड येतात. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की मुरुडपर्यंत अरुंद, वळणांचा रस्ता आहे. खड्ड्यात चाक गेलं आणि खटका सैल असला की सीट आपली आपणच धाडकन मागे येते. विमानात सीट हळूहळू कलते. बसमध्ये ती पुष्कळदा आदळते.

रात्रीच्या अशाच एका बसमध्ये नागोठणं सुटल्यावर दिवे मालवले होते. खिडकीजवळ एक बाई दोनेक वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. पुढच्या सीटवरच्या तरुणाने खटका दाबून पाठ पूर्ण मागे घेतली. सीटची वरची कड मुलाच्या कपाळाजवळ आली. बाई काही बोलली नाही. तिने आपला उजवा तळहात सीट आणि मुलाचं डोकं यांच्यामध्ये धरला आणि तसाच धरून ठेवला. गाडी उसळली की बोटं सीटवर आपटायची, ती हात झटकायची आणि पुन्हा तिथेच धरायची. कोलाड आलं तेव्हा पलीकडच्या सीटवरचे एक म्हातारबाबा तरुणाच्या खांद्याला हात लावून म्हणाले, “बाळा, मागे पोर आहे बघ.” तो दचकून उठला, वळून पाहिलं आणि सीट झटक्यात सरळ केली. “ताई, सांगायचंत ना! मला दिसलंच नाही.” ती म्हणाली, “झोपला होतात. उठवायचं कसं?”

त्या तरुणाच्या मनात खोट नव्हती आणि त्या बाईचा स्वभाव भित्राही नव्हता. तरी नागोठण्यापासून कोलाडपर्यंत ती हात धरून बसली. भांडणाच्या बातम्या होतात त्या बोलणाऱ्यांच्या. पण या प्रश्नातला बहुतेक त्रास न बोलणारे सोसतात. मांडीवर मूल असलेली आई, संधिवाताने गुडघे धरलेले आजोबा, रात्री एकटी प्रवास करणारी आणि पुढच्या अनोळखी पुरुषाशी बोलणं टाळणारी मुलगी, शहरात नव्याने आलेला आणि ‘आपल्याला काय हक्क’ असं वाटणारा मजूर. एसटीत २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे आणि २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. हे फार चांगलं झालं. वयस्क माणसं आणि बायका आता जास्त प्रवास करतात. त्याचबरोबर, आपल्या मागच्या सीटवर अशी गप्प सोसणारी व्यक्ती असण्याची शक्यताही वाढली आहे.

म्हणून ‘त्रास होत असेल तर मागच्याने सांगावं’ हा नेहमीचा सल्ला मला पुरेसा वाटत नाही. तो त्रास सोसणाऱ्यावरच बोलण्याचंही ओझं टाकतो. जो हलतो, ज्याच्या हातात खटका आहे, त्यानेच आधी बोलावं. त्याला ते सोपं असतं: मागे वळून एकदा पाहायचं आणि एक वाक्य म्हणायचं.

रेल्वेचं घड्याळ

या बाबतीत आपल्याकडे एक जुना, लिहिलेला आणि रोज पाळला जाणारा नियम आहे, आणि तो परदेशी तोडग्यांपेक्षा मला सरस वाटतो. रेल्वेच्या तीन-टायर डब्यात मधला बर्थ लावला की खालच्या बर्थवर ताठ बसता येत नाही. म्हणजे एकाची झोप आणि दुसऱ्याचं बसणं एकमेकांच्या आड येतं. विमानातल्या सीटचा प्रश्न नेमका हाच आहे. रेल्वेने इथे पैशाचा सौदा ठेवला नाही आणि हक्क कायमचा एका माणसाला बहालही केला नाही. तिने वेळ वाटून दिली. रात्री १० ते सकाळी ६ झोपायची वेळ. बाकीच्या वेळी खालचा बर्थ सगळ्यांचा बसायचा. आधी ही वेळ रात्री ९ पासून सुरू होत असे. लोक लवकर बर्थ लावून उशिरापर्यंत झोपतात आणि त्यावरून तंटे होतात, म्हणून २०१७ मध्ये ती १० करण्यात आली. त्या आदेशात आणखी एक मायेची गोष्ट आहे: आजारी, अपंग आणि गरोदर प्रवाशांना ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त झोपायचं असेल तर इतरांनी सहकार्य करावं.

कोकण रेल्वेने रात्री रत्नागिरी-सावंतवाडीकडे जाणारी गाडी पनवेलला भरते तेव्हा हा नियम कसा चालतो ते दिसतं. दहाच्या सुमाराला कोणीतरी म्हणतं, ‘चला, लावूया का बर्थ?’ जेवणारा माणूस डबा आवरतो, खालचा उठून साखळी अडकवायला हात लावतो आणि दहा मिनिटांत डबा निजतो. कोणी कोणाचा उपकार घेत नाही, कारण घड्याळ सगळ्यांचं आहे. बोलण्याचा संकोचही उरत नाही; वेळ झाली एवढंच सांगायचं असतं. अपवाद आजाऱ्यासाठी आणि गरोदर बाईसाठी, म्हणजे जिथे खरी गरज आहे तिथेच.

या नियमात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. हक्काला वेळेची मर्यादा आहे. दुबळ्यासाठी सवलत आहे. आणि नियम सगळ्यांना आधीपासून माहीत आहे. विमान कंपन्यांनी आणि बस चालवणाऱ्यांनी यातलं फारसं काही अजून केलेलं नाही. त्यांनी खटका दिला, पण तो कधी वापरायचा हे प्रवाशांच्या मर्जीवर सोडलं.

मग काय करावं

प्रवाशाने पाळायच्या गोष्टी मोजक्या आहेत. दिवसाच्या छोट्या प्रवासात सीट शक्यतो सरळ ठेवावी, फार तर थोडीशी मागे घ्यावी. मागच्याचं जेवण चालू असेल तर पूर्ण सरळ. रात्रीच्या प्रवासात दिवे मंद झाले की मागे घ्यायला हरकत नाही. झोप ही गरज आहे आणि मागच्यानेही ती मान्य करावी. पण प्रत्येक वेळी खटका दाबण्याआधी मागे वळून पाहावं आणि ‘काका, सीट जरा मागे घेतो’ किंवा ‘ताई, चालेल ना?’ एवढं म्हणावं. मग पाठीचा भार सावकाश टाकावा, आदळू नये. मागे मूल, म्हातारं माणूस किंवा न कलणाऱ्या सीटवर बसलेला प्रवासी असेल, तर अर्ध्यावरच थांबावं.

मागच्यानेही काही पाळायला हवं. पुढची सीट धरून उठू नये, तिला गुडघ्यांनी रेटू नये, पाय वर लावू नये. त्रास होत असेल तर पहिल्यांदाच, शांतपणे सांगावं; राग साठवून तासाभराने सांगितलं की शब्द कडू होतात. प्लॅस्टिकच्या खुंट्या किंवा बाटली अडकवून पुढच्याची सीट रोखणं तर पूर्ण चूक आहे. त्याने समोरच्याचं म्हणणं न ऐकताच निकाल लागतो, आणि कमरेचं दुखणं असलेला माणूस त्यात भरडला जाऊ शकतो.

प्रवाशांच्या शिस्तीवर सगळं सोडून मात्र चालणार नाही. दोन माणसांना एकच जागा विकली गेली आहे आणि विकणारा वादात कुठेच दिसत नाही, ही या प्रश्नातली मूळ अडचण आहे. अमेरिकेच्या संसदेने २०१८ मध्ये कायदा करून तिथल्या विमान वाहतूक खात्याला सीटच्या किमान मापांचा नियम करायला सांगितलं, सामान्य नागरिकांनी हजारोंनी आपलं म्हणणं कळवलं, तरी काम पुढे सरकायला वर्षं लागत आहेत. त्या निमित्ताने झालेल्या चाचण्यांत साठीच्या पुढचे लोक आणि मुलं नव्हतीच. ज्यांना जागेची सर्वांत जास्त गरज, तेच मोजणीतून वगळले गेले. आपल्याकडे नियम होईल तेव्हा तरी हे होऊ नये.

तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. तिकीट घेतानाच दोन सीटमधलं अंतर आणि सीट कलते की नाही हे प्रवाशाला दिसावं. रात्रीच्या बसमध्ये तिकिटं फाडून झाली की कंडक्टरने एकदा सांगावं: रात्री १० ते सकाळी ६ सीट मागे घेता येईल, मागच्याला विचारून घ्या, लहान मुलं आणि वयस्क माणसं असतील तर सांभाळून घ्या. सीटच्या पाठीवर, मागच्याला दिसेल अशा जागी, हेच दोन ओळींत मराठीत लिहिलेलं असावं. सैल खटके दर आगारात तपासले जावेत. विमानात पट्टा बांधायची सूचना होते तशीच, दिवे मंद करण्याआधी एक वाक्य याबद्दलही यावं. नवी मुंबईच्या विमानतळावर पहिल्यांदाच विमानात बसणारी माणसं पुढच्या काही वर्षांत मोठ्या संख्येने येतील. त्यांना पहिल्या प्रवासातच ही रीत कळली, तर ती कायमची रुजेल.

जागा कमी आहे आणि लवकर वाढणार नाही. पण ती कमी जागा कोणाच्या गैरसोयीवर भागवायची, हे मागच्या माणसाच्या गप्प बसण्यावर सोडू नये. ज्याच्या हातात खटका आहे त्याने आधी विचारावं, आणि ज्याने दोघांनाही तिकीट विकलं त्याने ते विचारणं नियमात लिहावं.